ऑपरेशनआधी मांड्यांकडेही पाहा

त्र्यंबकेश्वरहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या २६ वर्षांच्या धाकट्या भावाला क्रोनचा आजार आहे. लहान आतड्याचा शेवटचा भाग आकसला असून नाशिकच्या सर्जनांनी तो काढायचे ठरवले आहे. तारीख तीन आठवड्यांनंतरची आहे. सहा महिन्यांत वजन ६१ किलोवरून ४९ वर आले. अम्मी त्याला साबुदाण्याची खीर, मऊ भात आणि यखनीचे पाणी देतात आणि पलंगावरून उठू देत नाहीत. भगिनी विचारतात, ‘ऑपरेशनपर्यंत असाच आराम द्यावा ना?’

नाही, भगिनी. अम्मींची माया समजते, पण हे तीन आठवडे असे गेले तर भाऊ आणखी अशक्त होऊन टेबलावर जाईल.

आधी आजाराविषयी थोडे. आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारे दोन मुख्य आजार आहेत, अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन. दुसऱ्याला डॉ. बरिल क्रोन यांचे नाव मिळाले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याचे वर्णन केले. आपल्या देशात आतड्याचा क्षय आणि क्रोन इतके सारखे दिसतात की अनेक रुग्णांना आधी दोन-तीन महिने क्षयाची औषधे दिली जातात आणि गुण आला नाही की मग क्रोनचे निदान पक्के होते. यात डॉक्टरांची चूक असतेच असे नाही, पण त्या महिन्यांत शरीर झिजत राहते. क्षयाच्या रुग्णाला सरकार निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १००० रुपये देते, कारण औषधाबरोबर अन्नही लागते हे तिथे मान्य झाले आहे. क्रोनच्या रुग्णाच्या ताटाची काळजी मात्र घरच्यांनाच करावी लागते.

झीज होते ती नुसत्या चरबीची नव्हे, स्नायूंची. सूज चालू असताना शरीर स्वतःचेच मांस मोडून वापरू लागते. आजारी आतडे अन्न नीट शोषत नाही. पोट दुखेल या भीतीने रुग्ण कमी खातो. त्यात प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड दीर्घकाळ चालू असेल तर तेही स्नायू खाते. इथे वजनकाटा फसवतो. स्टेरॉइडने चेहरा गोल होतो, पोटावर चरबी चढते, वजन फारसे हलत नाही आणि घरचे म्हणतात, ‘तब्येत सुधारली!’ मांड्या आणि दंड मात्र बारीक होत जातात. म्हणून तिकडे पाहायचे.

घरी करता येईल अशी एक परीक्षा आहे. हात छातीवर बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठायचे आणि बसायचे. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषानुसार यास १२ सेकंद किंवा जास्त लागले तर स्नायूंची ताकद वा चपळाई कमी झाली आहे असे समजावे. नमाजी घरात त्याहून सोपी खूण आहे. सज्द्यातून कियामला उठताना तरुण मुलगा जमिनीवर किंवा गुडघ्यांवर जोर देऊन, धडपडत उठू लागला असेल तर ते आळसाचे लक्षण समजू नका.

ऑपरेशनशी याचा संबंध काय? जखम भरायला, आतड्याचे दोन टोक सांधायला, जंतूंशी लढायला प्रथिने लागतात आणि शरीराचा प्रथिनांचा साठा म्हणजे स्नायू. शिवाय ऑपरेशननंतर खोकून कफ बाहेर काढायलाही छाती-पोटाचे स्नायूच लागतात. ते दुबळे असले की न्यूमोनियाचा धोका वाढतो. सहा महिन्यांत १० ते १५ टक्क्यांहून जास्त वजन घटले तर युरोपातील पोषणतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना त्या रुग्णाला गंभीर जोखमीत धरतात आणि तातडी नसेल तर आधी ७ ते १४ दिवस पोषण द्या, मग चिरा असे सांगतात. तुमच्या भावाचे वजन जवळजवळ २० टक्के घटले आहे. म्हणून सर्जनना सरळ विचारा: पोषणासाठी काय करायचे, गरज पडली तर तारीख पुढे नेता येईल का, आहारतज्ज्ञांना दाखवू का, रक्तातील लोह आणि ड जीवनसत्त्व तपासले का. स्टेरॉइड दिवसाला २० मिलिग्रॅम किंवा जास्त, सहा आठवड्यांहून अधिक चालू असेल तर तेही सांगा, कारण त्याने ऑपरेशननंतरची गुंतागुंत वाढते. मात्र ते स्वतःच्या मनाने एका दिवसात बंद करू नका. ते जिवावर बेतू शकते.

आता ताट. आजार जोरात असताना किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने रोज लागतात. ४९ किलोला हा हिशेब ६० ते ७५ ग्रॅमच्या आसपास जातो. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, प्रथिने नावाला. यखनीची गोष्ट तर आपल्या घराघरातली आहे. गाळलेले पाणी आजाऱ्याला आणि बोट्या बाकीच्यांना! चव आणि मीठ पाण्यात उतरते, प्रथिने बोटीतच राहतात. वरणाच्या निवळ पाण्याचेही तसेच. दोन अंडी १२ ग्रॅम देतात, १०० ग्रॅम शिजलेले चिकन सुमारे २५, पन्नास ग्रॅम पनीर ९, घट्ट मूगडाळीची वाटी ७, दह्याची वाटी ५. भात-पोळीचे मिळून दिवस भरतो. दूध सोसत नसेल तर दही बहुधा सोसते.

आतडे आकसलेले असल्याने काय देता यापेक्षा कसे देता हे महत्त्वाचे. मांस बारीक खिमा करून, मऊ शिजवून द्या. डाळ सालीशिवाय आणि घोटून. कच्ची काकडी-कोबी, बिया, साली, मक्याचे दाणे, सुकामेवा सध्या नको. त्र्यंबक तालुक्यात नागली भरपूर पिकते. तिचे पीठ वस्त्रगाळ करून आंबील द्या. नागलीत प्रथिने तांदळाइतकीच, पण १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते आणि स्टेरॉइडने हाडे ठिसूळ होणाऱ्याला ते हवेच. एकदम ताट भरू नका, दिवसातून सहा वेळा थोडे थोडे द्या. पोट फुगले, उलट्या सुरू झाल्या आणि वाराही सरेना तर घरगुती उपायात वेळ न घालवता रुग्णालय गाठा. नाशिक ३० किलोमीटरच्या आत आहे, पण रात्री गाडी कोणाची मिळेल हे आजच ठरवून ठेवा.

रोजाबद्दलही विचारणा होते. आजाऱ्याला सवलत सूरह बकरामध्येच आहे. ऑपरेशनच्या तोंडावर आणि त्यानंतर जखम भरेपर्यंत ती घ्यावी. पोटावर पिशवी लावावी लागली तर पाणी आणि क्षार झपाट्याने जातात, अशा वेळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजा धरू नये.

पलंगाचे काय? २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात निरोगी वृद्धांना १० दिवस अंथरुणावर ठेवले, तर पायांतील जवळजवळ एक किलो मांस गेले. ते निरोगी होते! भावाला रोज दोनदा चालू द्या. त्र्यंबकचा पाऊस बाहेर पडू देत नसेल तर ओट्यावर, माजघरात. खुर्चीवरून उठबस दहा-दहा वेळा, आणि खोल श्वास. बिडी-सिगारेट ओढत असेल तर आजच बंद. धुराने क्रोन चिघळतो आणि ऑपरेशननंतर लवकर परततो.

ऑपरेशननंतरही जुनी समजूत आड येते. पूर्वी आठवडाभर उपाशी आणि आडवे ठेवत. १९९० च्या दशकात डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केहलेट यांनी दाखवले की लवकर खाऊ घातले आणि लवकर चालवले तर रुग्ण लवकर सुधारतो. आता अनेक ठिकाणी पहिल्याच दिवशी खाटेवरून उतरवतात. नर्सने चालवले तर ‘टाके तुटतील’ म्हणून भांडू नका. या आजारात पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका जास्त असतो, तोही चालण्याने कमी होतो. पोटरी सुजली, दुखू लागली तर लगेच सांगा. रुकू-सज्दा सर्जन हो म्हणेपर्यंत इशाऱ्याने करावा, जड उचलणे सहा-आठ आठवडे टाळावे.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला दाखल होण्याआधीच विचारा. रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा.

भाऊ आशेने विचारेल, ‘आता संपले ना?’ त्याला सांगा की अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचे क्रोनसाठीच जून १९५६ मध्ये ऑपरेशन झाले आणि त्याच नोव्हेंबरात ते पुन्हा निवडून आले. पण हेही सांगा की क्रोन ऑपरेशनने मुळापासून जात नाही. सहा ते बारा महिन्यांत दुर्बिणीतून पुन्हा तपासावे लागते. डिस्चार्जच्या कागदावर ती तारीख लिहून घ्या.