नऊ रंग, ऑक्टोबरचा उकाडा आणि मलमाची एक नळी

घटस्थापना जवळ आली की आमच्या भिवंडीत दोन ठिकाणी गर्दी वाढते. कपड्यांच्या दुकानांत नऊ रंगांसाठी आणि माझ्या दवाखान्यात खाजेसाठी. या दोन गर्द्यांचा एकमेकींशी संबंध आहे, असं माझं अनेक वर्षांचं निरीक्षण आहे. आजचा लेख त्याबद्दल.

शरद ऋतू ही वैद्यांची आई असते, असं एक जुनं गमतीचं वचन आहे. म्हणजे या दिवसांत रुग्ण इतके येतात की वैद्याला ती उपाशी ठेवत नाही. गंमत अशी की, ज्या ऋतूबद्दल वैद्यांनी असं म्हटलं, त्याच ऋतूने आपल्या पूर्वजांनी आयुष्य मोजलं. आशीर्वाद द्यायचा तर शंभर शरद जग, असा द्यायचे. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ, पिकं तयार होत आलेली, सणांची रांग लागलेली. तेव्हा हा ऋतू वाईट नाही. तो साजरा करण्याची आपली पद्धत मात्र अलीकडे त्याच्याशी जुळेनाशी झाली आहे, असं मला वाटतं.

सध्या मुलींच्या मोबाइलवर 'ऑटम लुक' नावाचं काहीतरी फिरत असतं. लांब बूट, स्वेटर, पानगळ. ते लंडनला ठीक आहे. आपल्याकडे शरद म्हणजे ऑक्टोबर हीट. मुंबई परिसरातून पाऊस परतण्याची हवामान खात्याची सरासरी तारीख आता ८ ऑक्टोबर धरली जाते. ढग गेले की ऊन थेट पोहोचतं, जमिनीत मुरलेल्या पाण्याची वाफ हवेत असतेच आणि पावसाळी वाराही पडलेला असतो. पारा पस्तिशीत आणि घाम काही वाळत नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या सहाव्या अध्यायात ऋतुचर्या सांगितली आहे. पावसाळ्यात साठलेलं पित्त शरदाच्या अचानक आलेल्या उन्हाने उसळतं, असं तिथे म्हटलंय. मी अॅलोपॅथीचा डॉक्टर, पित्ताच्या हिशेबात शिरत नाही. पण पावसाला सरावलेल्या शरीरावर एकदम कडक ऊन येणं हा मोठा बदल आहे, हे निरीक्षण त्यांनी अचूक केलं होतं. दुपारचं ऊन टाळा, दही आणि तळलेलं कमी करा, हा त्यांचा सल्ला मी आजही बिनदिक्कत देतो.

आता कपड्यांकडे येऊ. नऊ दिवसांचे नऊ रंग ही काही पुराणातली परंपरा नाही. साधारण वीस वर्षांपूर्वी एका मराठी दैनिकाने ती कल्पना उचलून धरली आणि ती ऑफिस, लोकल, शाळा, बँका सगळीकडे पोहोचली. मला ती आवडते. आमच्या दवाखान्यातल्या सिस्टरसुद्धा त्या दिवशीचा रंग घालून येतात आणि वातावरण हसरं होतं. अडचण रंगाची नाही, कापडाची आहे. नऊ दिवसांसाठी नऊ कपडे म्हटल्यावर स्वस्तातलं घेतलं जातं आणि स्वस्तातलं म्हणजे बहुतेक वेळा पॉलिस्टर. रात्री गरब्याला जाड अस्तराचा, आरशांचा घागरा, तोही कित्येकदा भाड्याचा. भाड्याचा घागरा दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये धुतला जातो का, हे एकदा दुकानदाराला विचारून बघा.

मागच्या वर्षी दसऱ्यानंतर कॉलेजात जाणारी एक मुलगी आईबरोबर आली. कमरेभोवती, जांघेत आणि स्तनांखाली लालसर, कडा उठलेली गोल चट्टे. गजकर्ण, नायटा किंवा आमच्याकडे सर्रास म्हणतात तसं 'दाद'. सुरुवात नवरात्रीच्या आधीच झाली होती. "काकूंनी क्रीम दिलं होतं, दोन दिवसांत खाज थांबली," असं ती म्हणाली. मग ती नऊ रात्री नाचली. रोज रात्री घरी येऊन तेच क्रीम. क्रीम थांबवल्यावर चट्टे तिप्पट झाले. नळी बघितली, तर त्यात बुरशीविरोधी औषध होतं, अँटिबायोटिक होतं आणि क्लोबेटासोल नावाचं अतिशय तीव्र स्टेरॉइड होतं. आई म्हणाली, "डॉक्टर, लग्नाचं बघतोय हिचं. हे डाग जातील ना?" चट्टे गेले, पण त्याला तीन महिने लागले. जांघेत स्टेरॉइडमुळे पडलेले ताणाचे पांढरे वळ मात्र तसेच राहिले. ते जात नाहीत.

इथे मला थोडं सविस्तर सांगू द्या. स्टेरॉइड खाज आणि लाली दाबतं, कारण ते त्वचेची प्रतिकारशक्तीच झोपवतं. रुग्णाला वाटतं गुण आला. बुरशीला वाटतं रान मोकळं झालं. ती आतल्या आत पसरते, गोल आकार बिघडतो आणि मग डॉक्टरलाही ओळखणं अवघड होतं. केंद्र सरकारने २०१८ मध्ये त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय न मिळणाऱ्या औषधांच्या यादीत घातली. प्रत्यक्षात काउंटरवर "दाद का मलम" म्हटलं की काय हातात पडतं, ते तुम्हाला माहीत आहे. पूर्वी टर्बिनाफिनच्या गोळ्यांनी दोन-तीन आठवड्यांत बरा होणारा नायटा आता कित्येकदा दाद देत नाही. या चिवट बुरशीला २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी वेगळं नाव दिलं, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. त्या नावातला 'इंडो' म्हणजे आपणच. आता ती जगातल्या अनेक देशांत सापडते. जगाला आपण योग दिला, त्याच्या मागोमाग हेही दिलं.

म्हणून घरातल्या मलमाच्या नळीवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव दिसलं, तर ती नायट्याला लावू नका. काकूंनी दिली असली तरी. उपचार चट्टा दिसेनासा झाल्यावरही साधारण दोन आठवडे चालू ठेवावा लागतो आणि घरात आणखी कुणाला खाज असेल तर सगळ्यांनी एकदमच औषध घ्यावं लागतं. नाहीतर टॉवेल आणि चादरींवरून ती घरातल्या घरात फिरत राहते.

नऊ रंग कसे घालायचे, यावर माझं सोपं मत आहे: रंग ओढणीत घ्या, ब्लाउजमध्ये घ्या, बांगड्यांत घ्या. अंगाला चिकटणारं कापड सुती आणि सैल ठेवा. घागऱ्याच्या आत घट्ट लेगिंग नको, सुती परकर बरा. पुरुषांनी जीन्सवर गरबा खेळायचा हट्ट सोडावा. घरी आल्यावर कितीही झोप आली तरी आधी अंघोळ, अंग नीट कोरडं, मग अंथरूण. भिवंडीसारख्या कापडाच्या गावात राहून आपण अंगाला काय लागतंय हे बघत नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं. अर्थात इथल्या मागांवरही आता मानवनिर्मित धाग्याचं कापड भरपूर निघतं आणि सुती महाग पडतं, हे मी जाणतो. नऊ पॉलिस्टरच्या जागी तीन सुती, असा हिशेब करून बघा.

ज्यांच्यामुळे हे कापड निघतं, त्यांचा शरद वेगळाच असतो. यंत्रमागावरचा कारागीर बारा-बारा तास उभा, वर पत्रा, बनियन घामाने चिंब. पाळीनंतर एका खोलीत दहाजण, बिशीत जेवण, दोरीवर सगळ्यांचे टॉवेल शेजारी शेजारी. त्याला "सैल सुती घाला, दिवसातून दोनदा अंघोळ करा" असं सांगताना मला ओशाळल्यासारखं होतं. या लेखाचे वाचक असलेल्या कारखानदारांना माझी विनंती आहे. दिवाळीच्या बोनसबरोबर प्रत्येक कारागिराला दोन टॉवेल आणि दोन सुती बनियन द्या आणि गच्चीवर कपडे वाळवायला जागा करून द्या. ऑक्टोबरचं ऊन फुकट आहे. पूर्वी पाऊस संपला की घराघरांतून गोधड्या, गाद्या बाहेर पडायच्या आणि चार दिवस कडक उन्हात तापायच्या. ती चाल मला शरदाच्या कुठल्याही सणाइतकीच महत्त्वाची वाटते.

सणांचं म्हणाल तर भिवंडीचं भाग्य मोठं. गरबा आहे, देवीचे मंडप आहेत, नवरात्रीत वज्रेश्वरीला जाणाऱ्यांची रीघ आहे. आणि पद्मनगरात तेलंगणातून आलेल्या विणकर पद्मशाली कुटुंबांची बतुकम्मा आहे. भाद्रपद अमावस्येपासून बायका फुलांची उतरंड रचून तिच्याभोवती फेर धरतात आणि शेवटी ती फुलं पाण्यात सोडतात. त्यात तरवड आणि कुरडू असतात, याच दिवसांत रानात फुलणारी. डॉक्टर म्हणून मला त्यातलं आवडतं ते हे की फेर संथ असतो, त्यामुळे साठीच्या आजीही त्यात असतात. गरब्यात आजी खुर्चीवर बसून पर्सा सांभाळतात.

उपवासाबद्दल थोडक्यात. मधुमेहाच्या रुग्णांनी नऊ दिवसांचा उपवास डॉक्टरांना न विचारता करू नये. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन पोट रिकामं ठेवलं तर साखर धोकादायक खाली जाते. उलट साबुदाण्याच्या खिचडीने ती भराभर चढते. भगर, राजगिरा, दाण्याची आमटी, ताक हे त्यातल्या त्यात बरं. आणि ताप आला तर "नाचून दमलो" असं समजून अंगावर काढू नका. हे डेंग्यूचेही दिवस आहेत. पॅरासिटामॉल चालेल, पण रक्त तपासल्याशिवाय आयबुप्रोफेन किंवा ऍस्पिरिन घेऊ नका.

राहिली कोजागरी. दरवर्षी कुणीतरी विचारतं, "डॉक्टर, मसाला दूध चालेल का?" चालेल. शुगर असेल तर साखर न घालता, छोटा कप. आमच्या इमारतीत सगळे गच्चीवर जमतात, पातेल्यात चंद्र दिसेपर्यंत थांबतात. तोवर लोक घोळक्याने माझ्याभोवती येतात आणि चांदण्यात बाह्या वर करून चट्टे दाखवतात. चांदण्यात मला काही दिसत नाही. सकाळी दवाखान्यात या आणि येताना ती नळी घेऊन या.