धुरामागचे सत्य

विमानाला आग लागली की तर्क तासाभरात सुरू होतात. कारण सापडण्यास मात्र महिने लागतात. ११ एप्रिल १९५५ रोजी एअर इंडियाचे ‘काश्मीर प्रिन्सेस’ बांडुंग परिषदेसाठी निघालेल्या मंडळींना घेऊन हाँगकाँगहून जकार्ताकडे जात होते. समुद्रावर असताना स्फोट झाला, धूर आत शिरला आणि सामानकक्षात आग असल्याचा इशारा देणारा दिवा लागला. कॅप्टन डी. के. जटार यांनी जळते विमान समुद्रावर उतरविण्याची शर्थ केली. १९ जणांपैकी १६ जणांना प्राण गमवावे लागले. वाचलेल्या तिघांत अभियंता अनंत कर्णिक होते.

दिवा सामानकक्षाकडे बोट दाखवीत होता. समुद्रतळातून काढलेल्या अवशेषांनी मात्र निराळेच सत्य सांगितले. उजव्या बाजूच्या चाकाच्या कप्प्यापाशी स्फोटाच्या खुणा व घड्याळी यंत्रणेचे तुकडे सापडले. आग अपघाताने लागलेली नव्हती. तो घातपात होता. उगम निश्चित झाला, म्हणूनच हाँगकाँगला उभ्या विमानापाशी कोण जाऊ शकत होते, हा नेमका प्रश्न विचारता आला.

आज मालकक्षातील धोका बहुधा साध्या खोक्यातून येतो. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईत यूपीएसचे मालवाहू बोइंग ७४७ कोसळून दोन्ही वैमानिक मृत्युमुखी पडले. आगीचा उगम लिथियम बॅटऱ्या असलेल्या मालात असल्याचा निष्कर्ष तपासात निघाला. त्यातील काही माल धोकादायक म्हणून जाहीर होणे आवश्यक असताना तसा जाहीर झालेला नव्हता. अशी एक बॅटरी तापून पेटली की शेजारचीही पेटते. १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानातून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून नेण्यास आंतरराष्ट्रीय बंदी आली, ती अशाच अनुभवांतून. अपघाताच्या तपासाचा हेतू शिक्षा हा नसून पुनरावृत्ती टाळणे हा असतो.

परभणी जिल्ह्यातून प्रवासी विमान उडत नाही, म्हणून हा प्रश्न परभणीकरांचा नव्हे, असे समजणे चुकीचे ठरेल. सेलू वा जिंतूरच्या बाजारपेठेतून कुरिअरने निघालेले पार्सल पुढे विमानात चढू शकते. त्यातील पॉवर बँक ‘घरगुती वस्तू’ या दोन शब्दांमागे दडविली, तर तपासनीसाला ती उद्या राखेत शोधावी लागेल. त्याआधीच पार्सलाच्या कागदावर खरे लिहिणे, हे प्रत्येक सुजाण नागरिकाचे कर्तव्य आहे.