अपघातानंतर ‘मिटवून टाका’ची घाई नको

घरचा माणूस रस्त्यावर जखमी झाला की आपण आधी पैशांची जुळवाजुळव करतो. वास्तविक मे 2025 पासून केंद्राची योजना आहे: नेमलेल्या रुग्णालयात पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत उपचार कॅशलेस. 112 ला फोन करा, पोलिसांत नोंद होऊ द्या.

आपल्याकडे खरा घोळ नंतर होतो. गाडीवाला ओळखीचा निघतो, मोहल्ल्यातले बुजुर्ग मध्ये पडतात आणि दहा-वीस हजारांत प्रकरण मिटतं. माफ करणं सवाबाचंच. पण गाडीचा थर्ड पार्टी विमा असेल, तर भरपाई सहसा त्याच्या खिशातून जात नाही, विमा कंपनी देते. मग हक्क सोडायचा कशाला, असं आम्ही विचारतो. मोटार अपघात दाव्याला कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. एफआयआर, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं एका पिशवीत ठेवा. कोऱ्या कागदावर सही तर कुणालाच देऊ नका.