म्हातारपणी गाव कोण निवडतो?

निवृत्तीनंतर शहराचा गजबजाट सोडून लहानशा गावी स्थायिक व्हावे, असा उपदेश सुखवस्तू वर्गात मोठ्या हौसेने केला जातो. पवनी तालुक्यातील कोंढा हे भातशेतीच्या मुलखातले गाव या कल्पनेत चपखल बसते. परंतु निवड करण्याचे हे स्वातंत्र्य आहे कोणाला?

१ नोव्हेंबर २००५ पूर्वी सरकारी सेवेत लागलेल्या शिक्षकाला ते काही अंशी आहे. खाजगी कारखान्यातून निवृत्त झालेल्या कामगाराचे काय? १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत किमान रक्कम ठरली ती २०१४ साली, दरमहा १,००० रुपये! तो नागपुराहून कोंढ्यास परततो तो खोलीचे भाडे झेपत नाही म्हणून. त्याला कोणी निवड म्हणू नये. आणि शेतमजूर स्त्रीच्या कोशात तर निवृत्ती हा शब्दच नाही. कंबर वाकली तरी रोवणीला तिला चिखलात उतरावेच लागते. दारिद्र्यरेषेखालील वृद्धाच्या निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा, वय ऐंशीच्या आत असेल तर, २०० रुपयांवरच थबकला आहे.

याच तालुक्यात १९८८ साली गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली. बुडीत गावांतील म्हाताऱ्यांनाही उतारवयात नवे गाव मिळाले. ते सरकारी नोटिशीने.

किमान वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन प्रत्येक श्रमिकाला हक्क म्हणून द्या. मग हवापाण्याच्या गोष्टी खुशाल कराव्यात.