बीडच्या मुलांना खेळांची पुस्तके हवीत

6 ऑगस्ट 2022 रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये दुसरा आला. केनियाच्या अब्राहम किबिवोटची वेळ होती 8 मिनिटे 11.15 सेकंद, तर अविनाशची 8 मिनिटे 11.20. 1998 ते 2018 या काळात झालेल्या सहाही राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदके केनियानेच नेली होती. ती मक्तेदारी मोडणारा हा मुलगा वीटभट्टीवर राबणाऱ्या आईवडिलांच्या घरचा. बारावीनंतर तो फौजेत गेला, सियाचीनला राहिला आणि स्टीपलचेसकडे वळला तोही फौजेत असतानाच. 2018 मध्ये भुवनेश्वरला त्याने गोपाल सैनी यांचा 1981 पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. पायांत एवढी ताकद असताना त्या ताकदीला साजेशी शर्यत त्याला सापडली ती घर सोडून फौजेत गेल्यावर. तो फौजेत गेलाच नसता तर? जे जगात आहे हेच ठाऊक नाही, त्याची इच्छा तरी मूल कशी धरणार? आज बीड जिल्ह्यात हे ठाऊक होणे नशिबावर सोडलेले आहे. ते नशिबाच्या हातून काढून घ्यायचे तर मुलांच्या हाती खेळांची चांगली मराठी पुस्तके पडली पाहिजेत.

चांगले म्हणजे कसले, हे या शर्यतीवरूनच सांगता येईल. साडेसात फेऱ्यांच्या आसपासच्या या धावेत 28 अडथळे आणि 7 पाणउड्या असतात. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची 91.4 सेंटिमीटर, म्हणजे साधारण कमरेएवढी. तो जड आणि पक्का असतो. पाय अडकला तर माणूस पडतो, अडथळा नाही. पाण्याच्या खड्ड्याचा तळ पुढे पुढे वर चढत जातो. त्यामुळे जो लांब झेपावतो तो उथळ पाण्यात उतरतो आणि लगेच धावू लागतो; जो जवळ पडतो तो गुडघाभर पाण्यातून वाट काढत बसतो. म्हणून बरेच धावपटू अडथळ्यावर एक पाय टेकवून, त्याला रेटा देऊन पुढे उडी घेतात. हा खेळ मुळात गावाबाहेरच्या रानातल्या कुंपणांवरून आणि ओढ्यांवरून धावण्यातून आलेला आहे. रोज शेताचे बांध आणि ओढे ओलांडून शाळेत जाणाऱ्या पोराला हे कुणी नीट लिहून दिले, तर ऑलिंपिकच्या मैदानात आपल्या ओळखीचे काही आहे हे त्याला कळेल. टीव्हीवर आठ मिनिटांची धाव दिसते, पण तो पाय तिथेच का पडला, सहाव्या फेरीत धावपटू मागे का राहिला, हे दिसत नाही. ते शब्दांनी सांगावे लागते आणि वाचणाऱ्याला मनातल्या मनात धावून पाहावे लागते.

असे लिहिणे आपल्याला परके नाही. औरंगाबादच्या हरिकृष्ण शास्त्रींनी 1871 मध्ये ‘क्रीडाकौशल्य’ रचून त्यात पटावरच्या खेळांची मांडणी केली. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी 1936 ते 1949 या काळात ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांत काढला. खो-खोची गोष्ट तर फारच बोलकी आहे. गावोगाव आपापल्या रीतीने चालणाऱ्या पाठशिवणीला 1914 मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर नियम बांधून मिळाले. किती खेळाडू, किती वेळ, खुंट कुठे, हे आधी कुणीतरी मनाशी योजले, मग कागदावर उतरवले; त्यामुळेच एका गावचा संघ दुसऱ्या गावच्या संघाशी भिडू शकला. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, महिलांच्या अंतिम सामन्यात भारताने नेपाळला 78-40 असे हरवले, आणि भारतीय संघाची कर्णधार प्रियांका इंगळे मूळची बीडच्याच केज तालुक्यातली. त्या जुन्या नियमांपासून विश्वचषकापर्यंतची ही वाट एका छोट्या पुस्तकात सहज मावेल. ते केजच्या प्रत्येक शाळेत असायला हवे.

न लिहिल्याने काय हरवते, हेही पाहू. पळवणकर बंधूंच्या क्रिकेटवर रामचंद्र गुहांनी इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिला. अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरातला बाळू गोलंदाजीच्या जोरावर कसा मोठा झाला आणि त्याचा भाऊ विठ्ठल 1923 मध्ये हिंदू संघाचा कर्णधार कसा झाला, हे त्यामुळे जगाला कळले. त्यामागे विठ्ठलरावांनी 1948 मध्ये मराठीत छापलेले ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मकथन होते. ते त्यांनी लिहिले नसते, तर मैदानावरचा तो अपमान आणि जिद्द दोन्ही त्यांच्याबरोबरच गेली असती. पाटोद्याच्या राहुल आवारेची कुस्ती, 2024 च्या 19 वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत 4 बाद 32 वरून सामना फिरवणारी बीडच्या सचिन धसची 96 धावांची खेळी, हे सारे आज सत्काराच्या बातम्यांत विखुरलेले आहे. बातमीला निकाल पुरतो. मुलाला तिथवरची वाट हवी असते.

यावर पहिला आक्षेप येईल तो मैदानाचा. आधी धावपट्टी द्या, प्रशिक्षक द्या, पुस्तके मग. मागणी रास्त आहे आणि ती सोडूही नये. पण मैदान मागायलाही ते कशासाठी हवे हे ठाऊक असलेली मुले आणि पालक लागतात. कृत्रिम धावपट्टीच्या खर्चाशी पुस्तकांच्या खर्चाची तुलनाच होत नाही, तेव्हा एकासाठी दुसरे थांबवायचे कारण नाही. मोबाईलवर सगळे दिसते, असाही एक युक्तिवाद आहे. मोबाईल विजयाचा क्षण दाखवतो; महिनोन्महिन्यांचा सराव दाखवायला त्याच्याकडे सवड नाही.

तिसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. या जिल्ह्यात चढाओढ काय कमी आहे? पहाटे रस्त्यांवर सोळाशे मीटर पळणारी, गोळाफेकीचा सराव करणारी पोरे पोलीस भरतीसाठी झिजतात. वाचनालयांत स्पर्धा परीक्षांच्या गाइडांना मागणी असते. यादीत नाव न आलेल्याचे काय होते ते घरोघरी माहीत आहे. मग स्पर्धेचीच आणखी पुस्तके कशाला? उत्तर असे की भरतीची यादी फक्त आत आणि बाहेर एवढेच सांगते. खेळाची खरी कथा हरण्याबद्दलही बोलते. टोकियो ऑलिंपिकमध्ये अविनाशने राष्ट्रीय विक्रम केला, तरी त्याची अंतिम फेरी हुकली. पुढच्याच वर्षी बर्मिंगहॅम झाले. पॅरिसमध्ये अंतिम फेरी गाठूनही तो अकरावा आला. राहुल आवारेला रिओ ऑलिंपिकला जाता आले नाही. 2018 मध्ये गोल्ड कोस्टला त्याने राष्ट्रकुलचे सुवर्ण घेतले आणि 2019 मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्य. दोन निकालांच्या मधल्या त्या काळात माणूस काय विचार करतो, कुणाचे ऐकतो, पुन्हा पहाटे उठतो तो कशाच्या बळावर, हे भरतीत मागे राहिलेल्या पोराने वाचायला हवे. प्रतिस्पर्ध्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहणेही तो त्यातच शिकेल, कारण किबिवोट कुठे थकेल याचा अंदाज घेतल्याशिवाय अविनाशला धावताच आले नसते.

पुस्तके कोणी लिहायची, हा प्रश्न उरतो. जिल्ह्यातले क्रीडाशिक्षक आणि मराठीचे प्राध्यापक यांनी एकत्र बसावे. खेळाडू, वस्ताद, प्रशिक्षक आज बोलायला उपलब्ध आहेत. साठ-सत्तर पानांची, मोठ्या अक्षरांची, मैदानाच्या आकृत्या असलेली पुस्तके पुरेत. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. आईबापांबरोबर फडावर जाऊ नयेत म्हणून मागे ठेवलेली मुले हंगामी वसतिगृहांत राहतात आणि संध्याकाळचा वेळ त्यांना खायला उठतो. जिल्हा परिषदेने पहिला संच तिथे द्यावा, दुसरा ‘ड’ वर्गाच्या गावच्या ग्रंथालयांना, आणि हे काम येत्या गळीत हंगामाआधी व्हावे.