ऑडिशन नको, फुगडी घालू या!

कॉलेज फेस्टच्या ग्रुप डान्सची ऑडिशन आठवा. हौसेने येतात खूप, निवडले जातात मोजके. बाकीचे काय करतात? मोबाइल काढून शूटिंग! नाच ही फक्त बघायची गोष्ट कधीपासून झाली?

आपल्या पनवेलच्या आसपास कुणाच्या हळदीला गेला असाल, तर हे पटेल. बेंजो सुरू झाला की काकू, मामा, नवरदेवाचे मित्र, चिल्लीपिल्ली सगळे एकाच घोळक्यात. स्टेप चुकली म्हणून कुणी कुणाला बाहेर काढत नाही.

मंगळागौरीचे खेळ याच जातीचे. झिम्म्याला टाळ्या पुरतात, पिंग्यात एकमेकींना चिडवायचं असतं. फुगडी तर दोन मिनिटांत शिकता येते. हातांची अढी घाला, पाय जवळ आणा, मागे झुका आणि फिरा. गंमत अशी की तुमचा तोल समोरच्याच्या हातात असतो. एकाने हात सोडला की दोघंही आपटणार! एवढा विश्वास टाकायला आपल्याला एरवी सेमिस्टर लागतं.

‘हे मुलींचे खेळ’ म्हणणाऱ्यांनी एकदा वारी बघावी. तिथे मिशीवाले आजोबाही बिनधास्त फुगडी घालतात.

आता मंगळागौरीच्याही स्पर्धा होतात. एकसारख्या नऊवारी, महिनाभर सराव. त्यामुळे हे खेळ टिकले, हे मान्यच. पण खुर्चीवर बसलेल्यांना फुगडीची गरगर कशी कळणार?

स्कॉटलंडमध्ये पारंपरिक नाच जपण्यासाठी १९२३ मध्ये ग्लासगोत संस्था सुरू झाली. तिथे अवघड, काटेकोर नाचही शिकवतात. पण ‘केली’ नावाच्या नाचाच्या मैफलीत धमाल येते ती सोप्या नाचांना. ‘डॅशिंग व्हाइट सार्जंट’मध्ये तिघांसमोर तिघं उभे राहतात, गोल फिरतात आणि पुढच्या तिघांना जाऊन भिडतात. एकजण पुकारून स्टेप सांगतो, म्हणून नवखाही घुसू शकतो. अनोळखी माणसाचा हात धरायला ओळख करून घ्यावी लागत नाही.

म्हणून म्हणते, स्टेजवरचा डान्स जरूर ठेवा, त्यामागे मेहनत असते. पण यंदाच्या ट्रॅडिशनल डेला एक तास मैदान मोकळं सोडा. ऑडिशन नाही, परीक्षक नाही, बक्षीस नाही. आणि वर्गात जो कुणाशीच बोलत नाही ना, पहिला हात त्याच्यापुढे करा.