कुरकुरणारी तबकडी आणि मुकी चिप

कल्याण सोडून गाडी कर्जतच्या रुळाला लागली की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही स्थानके एकामागून एक येतात. या पट्ट्यातल्या मध्यमवर्गीय घरांत हल्ली एक दृश्य हमखास दिसते. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात सात-आठ वर्षांपूर्वी मुलाच्या इंजिनीअरिंगसाठी घेतलेला संगणक असतो. मुलगा नोकरीनिमित्त पुण्याला किंवा बंगळुरूला गेलेला असतो आणि संगणक धाकट्या बहिणीच्या, नाहीतर निवृत्त वडिलांच्या वाट्याला आलेला असतो. बटण दाबून चहाचे आधण ठेवावे, चहा उकळून कपात यावा, तरी पडद्यावरचे ते वर्तुळ आपले गरगर फिरतच असते. दुकानदार म्हणतो, ‘एसएसडी टाका.’ शेजारचे काका म्हणतात, ‘हार्ड डिस्कच बरी, तेवढ्याच पैशांत कितीतरी जास्त जागा मिळते.’ आणि मुलगा फोनवरून सांगतो, ‘बाबा, नवीनच घ्या.’

या तिघांत खरे कोणाचे, असे मला अनेकदा विचारले जाते. माझे मत असे की, या एका प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेले आहेत. रोजचे काम कशावर करायचे, हा पहिला. घराची कागदपत्रे आणि फोटो कशावर जपायचे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्याचा विचार फारसे कोणी करत नाही, आणि नुकसान होते ते नेमके तिथेच.

आधी सोपा भाग. हार्ड डिस्कच्या आत आरशासारख्या चकचकीत तबकड्या असतात. त्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात. ग्रामोफोनच्या काट्यासारखा एक हात त्यांच्यावरून फिरतो, फक्त तो तबकडीला टेकत नाही. केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी अंतरावरून तरंगत मजकूर वाचतो. अशी पहिली डिस्क आयबीएमने १९५६ साली बाजारात आणली. पन्नास तबकड्यांचे ते धूड कपाटाएवढे होते आणि त्यात सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत. आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटोही तेवढी जागा खातो. तेव्हापासून तबकडीची क्षमता अफाट वाढली, पण हात मात्र हातच राहिला. संगणक सुरू होताना हजारो लहानसहान फायली उघडाव्या लागतात. त्या तबकडीवर इकडेतिकडे विखुरलेल्या असतात आणि हा हात सेकंदाला शंभरेक ठिकाणीच पोहोचू शकतो. एकाच कारकुनाने सगळ्या कपाटांतून फायली काढून द्याव्यात, तसा हा प्रकार.

एसएसडी, म्हणजे सॉलिड स्टेट ड्राइव्ह, हिच्यात हलणारे असे काहीच नाही. मोबाइलमध्ये आणि पेन ड्राइव्हमध्ये असते तीच फ्लॅश मेमरी हिच्यातही असते. तोशिबा कंपनीतले जपानी अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात ती शोधली. मजकूर विजेच्या भाराच्या रूपात चिपमध्ये साठतो आणि कुठलीही फाईल जवळपास तत्काळ हाती येते. म्हणूनच जुन्या संगणकात साधी एसएसडी बसवली, तरी सुरू व्हायला चार-पाच मिनिटे घेणारे यंत्र बहुधा अर्ध्या मिनिटात कामाला लागते. प्रोसेसर तोच, पडदा तोच, पण यंत्र नवे वाटते.

तेव्हा पहिल्या प्रश्नात दुकानदार बरोबर आहे आणि मुलगा घाई करतो आहे. घरच्या वापराला २५० किंवा ५०० जीबीची एसएसडी पुरते. आपल्या संगणकात अडीच इंची बसते की एम-डॉट-टू प्रकारची पट्टी, एवढे आधी पाहून घ्यावे. ‘एसएसडी लिहून लिहून झिजते’ असे ऐकून काही जण बिचकतात. ती झिजते हे खरे आहे. पण हिशेब करून पाहा. ५०० जीबीच्या अनेक एसएसडींवर ३०० टेराबाइट लिहून होईपर्यंतची हमी असते. घरात रोज २० जीबी लिहिले असे धरले, तरी त्याला पंधरा हजार दिवस, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ लागेल. तोवर तो संगणक राहणार नाही आणि ते टेबलही राहणार नाही.

खरेदीत सावधपणा मात्र हवा. उल्हासनगरच्या मालावरचा ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण नकली माल ही काही एका गावाची मक्तेदारी नाही. वापरलेल्या हार्ड डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचे मोठे प्रकरण २०२५ साली जर्मनीत उघडकीस आले. वरच्या लेबलावर दोन टेराबाइट आणि आत जेमतेम चौसष्ट जीबी, अशा वस्तूही सर्रास मिळतात. पक्के बिल घ्यावे, अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर ताडून पाहावा आणि फारच स्वस्त दिसले तर पुढच्या दुकानात जावे. उलट, फेकून द्यायला निघालेले यंत्र दुरुस्त करून देणारी माणसे उल्हासनगरच्या गल्ल्यांत आहेत, आणि घरात सतत नवे यंत्र आणण्यापेक्षा त्यांच्याकडे जाणे मला शहाणपणाचे वाटते.

आता अवघड भाग. हार्ड डिस्क आणि एसएसडी यांच्या वेगातला फरक सगळे सांगतात. त्यांच्या मरणातला फरक क्वचितच कोणी सांगते. हार्ड डिस्क म्हाताऱ्या माणसासारखी कुरकुरते. आधी हळू चालते, मग टक्-टक् आवाज करते, एखादी फाईल उघडायला नकार देते. लक्ष देणारा माणूस तेवढ्या अवधीत सामान हलवू शकतो. एसएसडी मुकी असते. काल रात्रीपर्यंत ठीक असलेली चिप सकाळी संगणकाला दिसेनाशीच होते, असे पुष्कळदा घडते. हार्ड डिस्कवरून चुकून पुसलेले फोटो जाणकार बऱ्याचदा परत मिळवून देतो. एसएसडी मात्र पुसलेली जागा मागल्या मागे स्वतःच साफ करत असते. कचरापेटी रिकामी केली की परतीची वाट बहुधा बंद.

आणखी एक गोष्ट. एसएसडी विजेविना कपाटात पडून राहिली तर तिच्यातला भार हळूहळू झिरपतो. झिजलेल्या चिपमध्ये आणि उष्ण जागेत तो लवकर झिरपतो. लग्नाचे फोटो एसएसडीवर भरून ती लोखंडी कपाटात वर्षानुवर्षे ठेवून देणे, हा म्हणूनच चांगला बेत नव्हे. चुंबकीय तबकडी विजेविना बराच काळ मजकूर धरून ठेवते. तिचे यंत्र अडकू शकते, म्हणून वर्षातून एकदा तिला फिरवायला हवे. जागेच्या मानाने स्वस्त तीच. म्हणजे दुसऱ्या प्रश्नात शेजारचे काकाही अगदीच चुकीचे नाहीत.

पण केवळ हार्ड डिस्क घेऊन दुसरा प्रश्न सुटत नाही, हे आपल्या भागाने सोसून पाहिले आहे. २६ जुलै २००५ रोजी उल्हास नदी बदलापुरात शिरली. पाणी ओसरल्यावर गच्चीगच्चीवर अल्बममधले फोटो वाळत घातलेले मी पाहिले आहेत. चेहरे एकमेकांना चिकटलेले आणि रंग पुसलेले. २०१९च्या जुलैत पुन्हा पूर आला. बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले, ते हेच दिवस. २०२१च्या जुलैत नदी परत आली. आपल्या घरांत संगणकाची पेटी कुठे असते? टेबलाखाली, जमिनीवर. घोट्याएवढे पाणी आले तरी पहिला बळी तिचाच. त्या पेटीत तबकडी होती की चिप, हे पाणी विचारत नाही. थायलंडमध्ये २०११ साली पूर आला तेव्हा डिस्क बनवणारे कारखानेच बुडाले आणि जगभर हार्ड डिस्कचे भाव भडकले. कारखाना सावरला, भाव उतरले. पण घराचे फोटो पुन्हा बनवणारा कारखाना कुठेही नसतो.

कागद मागे राहिला म्हणजे काय होते, हे उल्हासनगरच्या जुन्या पिढीला शिकवायला नको. १९४९ साली कल्याणच्या लष्करी छावणीच्या जागेवर हे शहर वसले. त्याचे विभाग अजूनही ‘कॅम्प’ म्हणूनच ओळखले जातात. त्या बराकींत आलेल्या सिंधी निर्वासितांना मागे राहिलेल्या मालमत्तेचे दावे १९५०च्या कायद्यानुसार मांडायचे होते. दाव्याची पडताळणी व्हायची, आणि पडताळणीला पुरावा लागायचा. निघताना ज्याने कागदांची पिशवी काखेत मारली त्याची गोष्ट वेगळी झाली, ज्याला ते जमले नाही त्याची वेगळी. आज आपली पिशवी म्हणजे ही डिस्क आहे. घराचा करारनामा, आईचे वैद्यकीय अहवाल, मुलांची प्रमाणपत्रे, गेलेल्या आजोबांचा आवाज, सगळे तिच्यात आहे. आणि बहुतेक घरांत ते एकाच जागी आहे.

यावर तरुण मंडळींचे उत्तर ठरलेले असते, ‘सगळे क्लाउडवर आहे.’ असू द्यावे. पुरात ती प्रत सुरक्षित राहते, हा मोठाच फायदा. पण ते घरही भाड्याचे आहे. गुगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून संपली. आता फुकट मिळते ती १५ जीबी जागा, आणि ती ईमेलसकट. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती मजकुरासह काढून टाकण्याचा अधिकार गुगलने २०२३च्या अखेरीपासून अमलात आणला. वडील गेले, त्यांचा पासवर्ड त्यांच्याबरोबर गेला आणि खाते कोणी उघडलेच नाही, अशी घरे आपल्याच चाळीत निघतील.

तेव्हा माझा सल्ला साधा आहे. संगणकात एसएसडी बसवा आणि रोजचे काम तिच्यावर करा. बाहेरून जोडायच्या दोन हार्ड डिस्क घ्या आणि जपायचे ते सगळे दोन्हींवर उतरवा. एक घरात उंच फळीवर ठेवा. दुसरी घराबाहेर द्या. मुलीच्या सासरी, डोंबिवलीच्या मावशीकडे, निदान वरच्या मजल्यावरच्या विश्वासू शेजाऱ्यांकडे. डिस्कवर चिठ्ठी चिकटवा आणि आत काय आहे ते मराठीत लिहा, म्हणजे आईलाही कळेल. पासवर्ड विम्याच्या कागदांच्या फाईलमध्ये ठेवा. आणि ही पेटी टेबलाखालून उचलून वर घ्या. त्याला तर एक पैसाही लागत नाही.

अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या शिलालेखात शके ९८२ची, म्हणजे इसवी सन १०६०ची नोंद आहे. दगडावर कोरलेले ते अक्षर साडेनऊशे वर्षे टिकले. आपल्या हाती तसा दगड नाही. तबकडी असो की चिप, तिचे आयुष्य पाच-दहा वर्षांचे धरून चालावे आणि मजकूर वेळोवेळी नव्या जागी हलवत राहावे. लोणच्याची बरणी उन्हाळ्यात उघडून पाहतो, गोधड्यांना ऊन दाखवतो, तसेच हेही घरकामच. दिवाळीची साफसफाई काढाल तेव्हा माळ्यावरच्या भांड्यांबरोबर त्या दोन्ही डिस्कही खाली काढा. जोडून पाहा, वर्षभराचे फोटो त्यांच्यावर चढवा. बंगळुरूहून आलेल्या मुलाला याच कामाला बसवा आणि शेजारी आईला बसवा. जुने फोटो पाहता पाहता फराळ होईल, आणि पुढच्या वर्षी हे काम आईच करील.